‘जपानने ठरवलं’ हे वाक्य वर्गात बंद करा

पत्र: सर, मी नाशिकच्या एका शाळेत नववीला इतिहास शिकवते. यंदा शाळेनं आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम घेतला आणि माझ्या वाट्याला ‘आधुनिक जपान, १८५३ ते १९५२’ हा घटक आला. एकूण १६ तासिका. बी.ए.ला जपान मी एका प्रकरणात उरकला होता, तोही गाईडमधून. मुलं अ‍ॅनिमे बघतात, सामुराईंबद्दल माझ्यापेक्षा जास्त बोलतात. पहिल्याच तासाला एकानं विचारलं, ‘मिस, जपानी लोक एवढे शिस्तीचे, मग आपण का नाही?’ मला उत्तर सुचलं नाही. खरं तर मीही तेच शिकवणार होते. नियोजनात जपानी फौजांनी चीनमधल्या नानजिंग शहरात केलेल्या हत्याकांडाचा उल्लेख बघून एका पालकांनी (ते नोकरीनिमित्त तीन वर्षं जपानात होते) मुख्याध्यापकांना फोन केला, की मित्रदेशाबद्दल असलं मुलांच्या डोक्यात कशाला भरता. मुख्याध्यापक म्हणतात, शेवटी हिरोशिमा घ्या, कागदाचे पक्षी करून घ्या, छान प्रदर्शन होईल. कुठून धरू आणि कुठे सोडू, कळत नाही.
– एक शिक्षिका, नाशिक

बाई,

आमच्या शाळेत सहकारी शिक्षिकांना आम्ही ‘बाई’च म्हणायचो. जिभेला तेच वळण आहे, ‘मिस’ काही जमत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

तुमचं पत्र वाचताना मला फार जुनी एक उत्तरपत्रिका आठवली. जपानचं प्रकरण मी तेव्हा अगदी रंगवून शिकवलं होतं. झोपलेला देश, मग काळी जहाजं, मग खडबडून जागा झालेला देश, मग रशियाला लोळवणारा देश, मग बॉम्ब, मग राखेतून उभा राहिलेला देश. मुलं भारावली होती आणि मीही. चाचणीत एका मुलानं तीन प्रश्नांना एकच उत्तर लिहिलं. मेइजी सुधारणा यशस्वी का झाल्या? ‘कारण जपानी लोक शूर, शिस्तप्रिय व देशाभिमानी होते.’ रशियाचा पराभव का झाला? शूर, शिस्तप्रिय. युद्धानंतर प्रगती कशी झाली? पुन्हा तेच. लाल पेन उचललं आणि थांबलो, कारण पोरानं माझंच वाक्य मला परत केलं होतं. मी त्याला पाचपैकी चार दिले. त्या चार गुणांची मला अजून लाज वाटते.

पुढच्या वर्षीपासून मी वर्गात एक नियम केला. ‘जपान’ हा शब्द वाक्याचा कर्ता करायचा नाही. ‘जपानने ठरवलं’, ‘जपानला वाटलं’, ‘जपानने हल्ला केला’ ही तीन वाक्यं फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची आणि त्यांवर फुली मारायची. कुणाच्या तोंडून तसं वाक्य निघालं की बाकीच्यांनी ओरडायचं, ‘म्हणजे कोणी?’ पहिले दोन दिवस नुसता गोंधळ होतो, कारण मुलांना शिक्षकांना पकडायला आवडतं आणि सगळ्यात जास्त वेळा सापडतो आपणच. आठवडाभरात मात्र मुलं स्वतःच अडखळायला लागतात. ‘जपानने… म्हणजे शोगुनच्या मंत्र्यानं…’ असं कोणी म्हणालं की समजायचं, गाडी रुळावर आली.

पहिला तास ८ जुलै १८५३ पासून सुरू करा. एडोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, आखाताच्या तोंडाशी, उरागाला, कमोडोर पेरीची चार अमेरिकी जहाजं उभी राहिली. त्यातली दोन वाफेवर चालणारी होती. ‘झोपलेला देश’ हे प्रकरण इथेच निकालात काढा. नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर डच व्यापारी होते आणि त्यांच्याकडून शोगुनच्या, म्हणजे देशाचा कारभार चालवणाऱ्या लष्करी शासकाच्या, सरकारला जगाच्या बातम्या नेमानं मिळत. अमेरिकी आरमार येणार आहे हे त्यांनी १८५२ मध्येच कळवलं होतं. माहिती होती, प्रश्न होता काय करायचं याचा. शोगुनचा प्रमुख मंत्री आबे मासाहिरो यानं तेव्हा आधी कधी न घडलेली एक गोष्ट केली: देशभरच्या दाइम्योंना, म्हणजे सरदारांना, मत विचारलं. कोणी म्हणाला लढू, कोणी म्हणाला व्यापार करू, कोणी म्हणाला तोफा ओतून होईपर्यंत झुलवत ठेवू. सरकारनं मत विचारलं यातच सरकारची पत गेली. पंधरा वर्षांनी ते कोसळलं, त्याचं एक बीज या विचारण्यात होतं.

आणि एडोतली सामान्य माणसं काय करत होती? विनोद. तिथे एक चारोळी फिरली. ‘जोकिसेन’ ही उंची चहाची एक जात, आणि वाफेच्या जहाजाचा उच्चारही ‘जोकिसेन’. पेला मोजायचा आणि जहाज मोजायचं शब्दही एकच, ‘हाई’. म्हणून चारोळी म्हणते: शांततेची झोप मोडली या जोकिसेननं, नुसते चार घेतले तर रात्रभर डोळ्याला डोळा नाही. हे फळ्यावर लिहा आणि मुलांना मराठीत श्लेष जमवायला सांगा. माझ्या वर्गात ‘कटिंग’वर दहा मिनिटं गेली. ती वाया गेली असं मला कधी वाटलं नाही, कारण त्या दहा मिनिटांत एडोचा माणूस ‘शूर, शिस्तप्रिय’ वगैरे राहिला नाही, टपरीवरचा माणूस झाला.

जाता जाता: त्याच १८५३ च्या १६ एप्रिलला आपली बोरीबंदर–ठाणे गाडी धावली होती. पेरी १८५४ मध्ये परत आला तेव्हा भेटीदाखल एक छोटं, खरोखरच्या इंजिनाच्या पावपट आकाराचं वाफेचं इंजिन आणि डबा घेऊन आला. डब्यात माणूस मावेना, तर जपानी अधिकारी टपावर बसून गोल गोल फिरले, अंगरखा वाऱ्यावर फडफडवत. शिम्बाशी–योकोहामा रेल्वे सुरू झाली ती १८७२ मध्ये. मुलांना वर्षं लिहू द्या, ‘आपण पुढे होतो’ असं ओरडू द्या, आणि मग फळ्यावरच्या फुलीकडे बोट दाखवा. आपण म्हणजे कोणी? रेल्वे कोणाची होती?

नावांचं भय बाळगू नका. आडनाव आधी, नाव नंतर, एवढं पहिल्या दिवशी सांगून टाका. देवनागरीत जपानी उच्चार रोमनपेक्षा बरे बसतात. त्यांची आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना ही मांडणी आपल्या वर्णमालेसारखी वाटते, कारण बौद्ध ग्रंथांबरोबर गेलेल्या सिद्धम लिपीच्या अभ्यासातून ती आली. मुलांना हे सांगितलं की एक-दोघं तरी घरी जाऊन कागदावर ‘काना’ ही जपानी अक्षरं गिरवतात.

मेइजी काळाला, म्हणजे शोगुनचं सरकार पडल्यावर सम्राटाच्या नावानं कारभार चालला त्या काळाला (१८६८ ते १९१२), पाच तासिका द्या, त्याहून कमी नको. पुस्तकात सुधारणांची यादी असते: १८७१ मध्ये सरदारांची संस्थानं जाऊन प्रांत आले, १८७२ मध्ये शिक्षणाचा हुकूम, १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आणि रोख जमीनमहसूल. यादी पाठ होते आणि विसरली जाते. मी त्याऐवजी एका महिन्याची गोष्ट सांगतो. जुनं जपानी पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर होतं, त्यात अधिक महिना यायचा. मेइजी सनाच्या सहाव्या वर्षी अधिक महिना होता. आता सरकारी नोकरांना पगार महिन्यावर, म्हणजे त्या वर्षी १३ पगार. तिजोरीत खडखडाट. मग जेमतेम महिनाभर आधी हुकूम निघाला की बाराव्या महिन्याच्या तिसऱ्या दिवसापासून पाश्चात्त्य पद्धतीचं नवं वर्ष, १ जानेवारी १८७३. अधिक महिना गेला, आणि बारावा महिना दोनच दिवसांचा उरला म्हणून त्याचाही पगार टाळला. अर्थकारभार सांभाळणाऱ्या ओकुमा शिगेनोबूनं पुढे आठवणींत हे कारण स्वतःच सांगितलं. ज्यांच्या घरात अधिक महिन्यात जावयाला बोलावतात, त्या मुलांना ‘आधुनिकीकरण’ हा जड शब्द या गोष्टीतून एका झटक्यात कळतो. छापून तयार झालेली पंचांगं ज्यांच्या अंगावर पडली, त्या छापखानेवाल्यांचं काय झालं असेल, हे त्यांना लिहायला सांगा. अर्ध पान पुरे.

मग शाळा. शाळेचा खर्च गावावर, फी पालकांवर, आणि शेतात हाताखाली येणारं पोर दिवसभर बाकावर. काही ठिकाणी गावकऱ्यांनी शाळा जाळल्या. हे वाक्य उच्चारलं की मागच्या बाकावरून टाळ्या पडतात, पडू द्या. लष्करभरतीच्या फर्मानात ‘रक्ताचा कर’ असा शब्द होता, त्यावरून सरकार खरोखर रक्त काढून घेणार अशी आवई उठली आणि दंगली झाल्या. तोमिओकाच्या रेशीम गिरणीत फ्रेंच तंत्रज्ञ आले, ते लाल वाइन पीत, तर ते मुलींचं रक्त पितात अशी अफवा. कामाला मुली मिळेनात, तेव्हा गिरणीचे प्रमुख ओदाका आत्सुतादा यांनी आधी स्वतःची मुलगी पाठवली. पुढे याच धंद्यात शेतकऱ्यांच्या मुली दिवसाचे बारा-चौदा तास उभ्या राहिल्या. त्यांनी काढलेल्या रेशमाच्या परकीय चलनातून यंत्रं आली आणि युद्धनौकाही. १८८६ मध्ये कोफू इथल्या आमामिया गिरणीतल्या शंभरेक बायकांनी काम बंद केलं. जपानमधला पहिला संप तो हाच मानतात. ‘मेइजी सुधारणा यशस्वी का झाल्या’ या प्रश्नाला आता मुलांकडे निदान एक खरं उत्तर असतं, आणि ते बायकांचं असतं.

तुमच्या सामुराईवेड्या मुलांना इथे एक धक्का द्या. सामुराईंची पद्धत मोडली ती सामुराईंनीच. सत्सुमा आणि चोशू या संस्थानांतले खालच्या फळीतले तरुण सामुराई सत्तेवर आले आणि १८७६ मध्ये त्यांनी आपल्याच जातभाईंची तलवार कमरेवरून उतरवली, तनखेही बंद केले. १८७७ मध्ये सत्सुमाचाच साइगो ताकामोरी या सरकारविरुद्ध उठला, तेव्हा त्याच्या सामुराईंना हरवणाऱ्या फौजेत सक्तीनं भरती केलेली शेतकऱ्यांची पोरं होती. अ‍ॅनिमेतला कोणता सामुराई या दोन बाजूंपैकी कुठे उभा राहिला असता, यावर वाद घडवा. तेवढा वाद पुरे, पुठ्ठ्याच्या तलवारी आणि नाटुकली मला विचाराल तर नकोत. माझ्या एका वर्गात एकाच्या डोळ्याला लागलं होतं, शिवाय नाटकात बोलायला सगळ्यांना सेनापतीच व्हायचं असतं, गिरणीतली मुलगी कोणालाच नको.

त्या पालकांना अंगावर घेऊ नका, कामाला लावा. त्यांच्याकडे येनच्या नोटा उरलेल्या असतील. २०२४ च्या जुलैत आलेल्या नव्या नोटांवर तीन माणसं आहेत आणि तिघंही तुमच्या घटकातली. १,००० वर किताझातो शिबासाबुरो, १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगच्या जंतूचा शोध घेणारे. दोन वर्षांत तोच प्लेग मुंबईत आला. ५,००० वर त्सुदा उमेको, १८७१ मध्ये सरकारनं अमेरिकेला शिकायला पाठवलेल्या पाच मुलींमधली सगळ्यात धाकटी, वय ६ वर्षं. परत आली तेव्हा तिला जपानी धड बोलता येईना. १०,००० वर शिबुसावा एइइची. ओसाकाची कापडगिरणी उभी करणाऱ्या या उद्योजकाकडे १८९३ मध्ये जमशेटजी टाटा गेले, कारण मुंबईचा कापूस जपानला नेण्यासाठी पी. अँड ओ. ही इंग्रज कंपनी मनमानी भाडं घेत होती. दोघांच्या खटपटीतून कोबे–मुंबई जहाजसेवा सुरू झाली. पहिलं जपानी जहाज त्या नोव्हेंबरात निघालं, त्याचं नाव होतं ‘हिरोशिमा मारू’. मी हे नाव फळ्यावर लिहून काहीच बोलत नाही. वर्गात आपोआप शांतता होते. थोड्या वेळानं सांगतो की त्याच कापसाच्या सुतानं पुढे चीनच्या बाजारात मुंबईच्या गिरण्यांना मागे सारलं. ‘मैत्री’ आणि ‘धंदा’ हे दोन शब्द मुलांनी वेगवेगळ्या रकान्यांत लिहिलेले बरे.

आता तो प्रश्न: आपण शिस्तीचे का नाही. बाई, या प्रश्नाला भाषणानं उत्तर देऊ नका, दोन तारखा द्या. ५ सप्टेंबर १९०५. रशियाशी तह झाला, पण भरपाईचा पैसा मिळाला नाही. करानं पिचलेले लोक टोकियोच्या हिबिया बागेत जमले आणि पुढच्या दोन दिवसांत शहरातल्या बहुतेक पोलीस चौक्या फोडल्या, जाळल्या. दुसरी तारीख जुलै १९१८. तोयामा प्रांतातल्या उओझू बंदरावर कोळ्यांच्या बायका जमल्या आणि तांदूळ बाहेर पाठवायला त्यांनी विरोध केला. भाव चढत होते आणि त्यांच्या घरात दाणा नव्हता. तिथून पेटलेलं लोण देशभर गेलं आणि पंतप्रधान तेराउचींचं मंत्रिमंडळ पडलं. हे ‘शिस्तीचे लोक’. मग १८९० चं शिक्षणाचं राजफर्मान आणा: सम्राटापुढे, आईवडिलांपुढे नमून राहा, प्रसंगी देशासाठी जीव द्या, हे शाळाशाळांतून समारंभानं वाचलं जाई, मुलांकडून पाठ करून घेतलं जाई. मुलांना आता स्वतःच दिसतं की शिस्त रक्तात नव्हती, तिच्यासाठी पन्नास वर्षं खपावं लागलं, आणि खपणारे कोण होते. त्यात आपल्यासारखे शिक्षक होते. आजची जपानी मुलं आपापला वर्ग झाडतात, हे खरं आहे आणि चांगलं आहे, ते शिकायलाही हरकत नाही. पण त्याचं उत्तर जपानच्या इतिहासात शोधण्याआधी आपल्या शाळेत झाडू कोण मारतं हे विचारा.

१९०५ ते १९३१ ला दोनच तासिका देता येतील. त्यातली एक मी पूर्णपणे ३ मार्च १९२२ ला देतो. मेइजी सरकारनं १८७१ मध्ये कातडी कमावणं, मेलेली जनावरं ओढणं अशा कामांना जखडलेल्या जातींचा अस्पृश्य दर्जा कायद्यानं रद्द केला. कागदावर. गाव, लग्न, शाळेतलं बाक, काही बदललं नाही. उलट या हुकुमाविरुद्ध दंगली झाल्या. ५० वर्षांनी क्योतोमध्ये त्या समाजातली माणसं जमली, ‘सुइहेइशा’ म्हणजे समतेची संघटना काढली आणि आम्हाला दया नको, मान हवा, असं जाहीर केलं. जाहीरनाम्याचा शेवट माणसांच्या जगात ऊब आणि सगळ्यांना उजेड मागणारा आहे. यानंतर पाच वर्षांनी महाड. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध होता असं सांगू नका. फक्त दोन्ही वर्षं फळ्यावर एकाखाली एक लिहा. तुमच्या वर्गातली काही मुलं त्या दिवशी पहिल्यांदा हात वर करतील. माझ्या वर्गात केले होते.

युद्ध. इथे तुम्ही घाबरला आहात, आणि ते स्वाभाविक आहे. नानजिंग गाळू नका. पण फोटो दाखवू नका. १४ वर्षांच्या मुलाला प्रेतांचा ढीग दाखवला की तो एक तर मिटतो किंवा मोबाइलवर आणखी शोधतो, दोन्हीत इतिहास राहत नाही. माझी वाट सोलापूरवरून जाते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१०, मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. जपानी फौजांनी जुलै १९३७ मध्ये चीनवर पूर्ण युद्ध लादलं, डिसेंबरात नानजिंग पडलं, आणि १९३८ मध्ये काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. त्यात सोलापूरचे कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस तिथेच राहिले, चिनी शिकले, लग्न केलं, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. सोलापूरचा तरुण तिकडे का गेला, असा प्रश्न आला की नानजिंग आपोआप वर्गात येतं, आणि ते ‘जपानविरोधी’ म्हणून येत नाही, जखमी माणसांची गोष्ट म्हणून येतं.

आकड्यावरून कोणी अडवलं तर स्पष्ट बोला. युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यानं दोन लाखांहून अधिक बळी धरले, चीन तीन लाख सांगतो, जपानी अभ्यासकांचे आकडे बहुधा त्याहून कमी आहेत. वाद संख्येचा आहे. नागरिकांची हत्या आणि लूट झाली हे नाकारता येत नाही, असं जपानचं परराष्ट्र खातं स्वतः म्हणतं. त्या पालकांना हेही सांगा की या विषयावर सगळ्यात चिवट लढला तो एक जपानी इतिहासकार. इएनागा साबुरो यांच्या पाठ्यपुस्तकातल्या युद्धविषयक मजकुरावर सरकारी तपासनिसांनी कात्री चालवली, म्हणून १९६५ मध्ये ते कोर्टात गेले. तीन खटले, १९९७ पर्यंत, ३२ वर्षं. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं पाठ्यपुस्तक तपासण्याची पद्धत कायम ठेवली, पण जैविक प्रयोग करणाऱ्या ‘७३१ क्रमांकाच्या तुकडी’चा उल्लेख काढायला लावणं बेकायदा ठरवलं. म्हणजे तुम्ही नानजिंग शिकवलं तर मित्रदेशाचा अपमान होत नाही, मित्रदेशातल्या एका शिक्षकाची बाजू घेतली जाते.

आपल्याकडे एक खास अडचण आहे, तिचंही बघा. नेताजींमुळे मुलांना जपान ‘आपल्या बाजूचा’ वाटतो. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. हे सांगाच. पण अंदमान मार्च १९४२ पासून जपानी नौदलाच्या ताब्यात होतं, आणि झेंडा फडकल्याला महिना झाला त्या दिवशी, ३० जानेवारी १९४४ ला, हेरगिरीच्या संशयावरून ४४ भारतीयांना होम्फ्रेगंजला नेऊन गोळ्या घातल्या. दोन्ही तारखा एकाच तासात घ्या. नेताजींवर निकाल द्यायला लावू नका, मुलांना गप्प राहावंसं वाटलं तर राहू द्या. तसंच न्यायमूर्ती राधाबिनोद पाल. टोकियो खटल्यात त्यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष म्हटलं, एवढंच आपल्याकडे अभिमानानं सांगतात. त्यांचा आक्षेप जेत्यांनी मागाहून केलेल्या कायद्यावर होता. नानजिंगमधल्या अत्याचारांचे पुरावे भरभक्कम आहेत, हे त्याच निकालपत्रात आहे.

आणि ओकिनावा सोडू नका. मार्च १९४५ मध्ये तिथल्या दोन मुलींच्या शाळांतून २२२ विद्यार्थिनी आणि १८ शिक्षक लष्करी इस्पितळात कामाला नेले. मुली १५ ते १९ वर्षांच्या, तुमच्या वर्गापेक्षा जेमतेम मोठ्या. निम्म्याहून अधिक परत आल्या नाहीत. मला त्या २२२ पेक्षा त्या १८ जणांचा विचार जास्त येतो. पण तो वर्गात सांगण्यासारखा नाही, तुम्हाला म्हणून सांगितला.

हिरोशिमा घ्या, पक्षीही करा, मुख्याध्यापकांचं मन मोडू नका. फक्त घटक तिथे संपवू नका. ६ ऑगस्टला थांबलात की आधीची १५ वर्षं मुलांच्या मनातून पुसली जातात आणि सगळे जपानी नुसते बळी होऊन बसतात. हिरोशिमात हजारो कोरियन मेले, त्यातले अनेक मजुरीला आणलेले होते. त्यांचं १९७० चं स्मारक शांती-उद्यानाच्या बाहेर होतं, ते आत यायला १९९९ उजाडलं, एवढं सांगितलं तरी पुरतं. प्रदर्शनाला आणखी एक टेबल लावा: हत्तीचं. १९४३ मध्ये, बॉम्बहल्ल्यात जनावरं सुटतील या कारणानं टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले तीन हत्ती उपाशी ठेवून मारले. युद्धानंतर तिथल्या मुलांनी नेहरूंना पत्रं लिहिली, आम्हाला हत्ती हवा. १९४९ च्या सप्टेंबरात ‘इंदिरा’ नावाची हत्तीण उएनोला पोचली. पाचवी-सहावीची मुलं त्या टेबलावरून हलत नाहीत.

शेवटच्या तीन तासिका १९४५ ते १९५२ साठी राखा. एप्रिल १९४६ मध्ये बायकांनी पहिल्यांदा मत दिलं आणि ३९ जणी निवडून आल्या. ३ मे १९४७ ला नवी राज्यघटना लागू झाली. तिच्यातल्या स्त्री-पुरुष समानतेच्या कलमाचा मसुदा लिहिला तेव्हा बेआते सिरोता २२ वर्षांची होती. १९५२ ला युद्धानंतरचा अमेरिकी ताबा सुटला, आणि भारतानं त्याच वर्षी वेगळा करार करून नुकसानभरपाई सोडली. हे सगळं भराभर होतं. पण यातली एक तासिका पूर्ण मोकळी ठेवा, आणि ती शाईसाठी.

१९४५ च्या शरदात जपानी शाळांत नवी पुस्तकं छापायला कागद नव्हता. हुकूम आला की जुन्याच पुस्तकांतला युद्धाचा, लष्कराचा मजकूर शाईनं काळा करा. मुलांनी दौत-कुंचला घेतला, शिक्षक पान आणि ओळ सांगत गेले, मुलं काळं करत गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी हीच वाक्यं याच शिक्षकांनी त्यांच्याकडून पाठ करून घेतली होती. वर्गात हेच करा. एखादं जुनं, भडक देशाभिमानी गद्य स्वतः लिहा, १५-२० ओळी, झेरॉक्स काढा, आणि तुम्ही सांगाल त्या ओळी मुलांना काळ्या करायला सांगा. का ते सांगू नका. चौथ्या-पाचव्या ओळीला कोणीतरी विचारतंच, ‘मिस, ही का?’ तेव्हाही सांगू नका. तास संपताना त्यांना १९४५ चा वर्ग सांगा आणि लिहायला द्या: त्या दिवशी तुमच्या शिक्षकांबद्दल तुम्हाला काय वाटलं असतं?

साहित्याचं बघा. मुलं जाड मार्कर आणतील, तो चालत नाही, पानापलीकडे उतरतो आणि बाकं खराब होतात. मग शिपाईमामा माझ्यावर जसे तणतणले तसे तुमच्यावर तणतणतील. दौतीतली साधी काळी शाई घ्या, थोडं पाणी घालून पातळ करा, खाली रद्दी पसरा. पातळच बरी. माझ्या वर्गात एका मुलीनं तास संपल्यावर तिचा कागद ट्यूबलाइटसमोर धरला होता आणि काळ्या केलेल्या ओळी ती शेजारणीला एकेक करून वाचून दाखवत होती.